रानडुकराची शिकार : भाला, ठासणी आणि अर्ज

दासगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब बोटीने या बंदरात उतरले आणि महाडच्या सत्याग्रहाला गेले, ही एक. जुलै २००५ मध्ये कोसळलेली दरड, ही दुसरी. पण भात पोटरीला आलं की इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी तिसरीच गोष्ट असते. काल रात्री कुणाच्या खाचरात जनावर शिरलं, किती लोळवलं, किती उकरलं. जनावर म्हणजे रानडुक्कर. आमच्या घरांत त्याचं नाव घेणं टाळतात, म्हणून 'जनावर' हा शब्द फार सोयीचा.

या विषयावर बोलणं निघालं की प्रश्न एकच येतो : त्याची शिकार नेमकी कशी करायची, म्हणजे त्रास संपेल? मी इतिहासाच्या वाटेने या प्रश्नाकडे जातो, कारण अडीचशे वर्षांत या जनावराची शिकार निरनिराळ्या लोकांनी केली आणि प्रत्येकाचा हेतू वेगळा होता. हेतू बदलला की हत्यार बदलतं आणि 'शिकार साधली' याचा अर्थही बदलतो.

सुरुवात साहेबांपासून करू. १७५६ च्या तहात पेशव्यांनी बाणकोटचा किल्ला आणि आजूबाजूची काही गावं इंग्रजांना दिली. त्यांत दासगाव होतं. म्हणजे उरलेलं कोकण १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेलं, त्याच्या बासष्ट वर्षं आधी आमच्या गावावर कंपनीचं निशाण लागलं. जवळचं महाड पेशव्यांचं आणि दासगाव इंग्रजांचं, असा तो काळ. 'ओरिएंटल मेमॉयर्स' लिहिणारा जेम्स फोर्ब्स याच काळात या खाडीकाठी राहून गेला.

या इंग्रजांना डुकराच्या शिकारीचं भारी वेड. घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारणं हा त्यांचा मर्दानी खेळ. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्यांच्या नावाचं कॉलेज मुंबईत आहे, ते पुण्यात रेसिडेंट असताना आणि पुढे गव्हर्नर झाल्यावरही या शिकारीचे शौकीन होते. मुंबईहून १८२८ पासून 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन' नावाचं नियतकालिक निघत असे, त्यात या शिकारीला मानाचं पान. पुढे बेडन-पॉवेल यांनी, म्हणजे स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या त्याच साहेबांनी, १८८९ मध्ये या एकाच शिकारीवर अख्खं पुस्तक लिहिलं. भाल्याचेही दोन पंथ होते. मुंबई इलाख्यात लांब बांबूचा भाला खाली धरून पुढे रोखायचा. बंगालमध्ये आखूड भाला, त्याच्या मागच्या टोकाला शिशाचं वजन, आणि तो वरून खाली खुपसायचा.

या खेळाचे नियम मात्र नीट वाचण्यासारखे आहेत. ज्याच्या भाल्याने पहिलं रक्त काढलं, शिकार त्याची. घोडा धावू शकेल अशा मुलखात डुकरावर गोळी झाडणं म्हणजे नामुष्की. डुकरिणीला मारायचं नाही, पिल्लांना तर नाहीच. मोठा सुळ्यांचा नर तेवढा खरा. आता शेतकऱ्याच्या नजरेने हा नियम बघा. डुकरीण चार महिन्यांच्या आत वितते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं देते. साहेब नर मारून सुळे दिवाणखान्यात लावणार आणि डुकरीण पिल्लांसह पुन्हा शेतात. खेळ म्हणून ही शिकार उत्तम होती, पण पिकाच्या हिशोबात तिची किंमत शून्य. खेळ टिकायचा तर डुकरं टिकायलाच हवीत, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

शिवाय हा खेळ देशावरच्या मोकळ्या माळावरचा. आमच्याकडे बांध, खाचरं, ओहोळ, करवंदीच्या जाळ्या आणि डोंगराचा चढ. इथे घोडा फेकला तर स्वाराचीच शिकार व्हायची. म्हणून कोकणाची पद्धत वेगळी. ती म्हणजे हाकवा.

हाकव्यात गाव उतरतं. डुकराची नजर बेताची, पण नाक आणि कान तिखट. त्यामुळे वारा कुठून वाहतो ते आधी बघायचं. बंदुकवाले पुढे, जनावर जिथून निसटेल त्या वाटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला गुपचूप बसायचे. बाकीचे मागच्या बाजूने डबे, ढोल वाजवत, आरोळ्या ठोकत रान झोडत यायचे. जखमी डुक्कर उलटलं तर सुळ्याने मांडी फाडतं, म्हणून कुत्री आणि अनुभवी माणसं जवळ लागत. रानाची माहिती सगळ्यांत जास्त कातकऱ्यांना. कुठल्या ओहोळात लोळण आहे, कुठून रात्री उतरतं, हे तेच सांगत.

मुसलमानाचा यात वाटा काय, असं कुणी विचारेल. कुरआनात चार ठिकाणी त्याचं मांस निषिद्ध सांगितलं आहे. निषिद्ध आहे ते खाणं. त्याच आयतांमध्ये भुकेने नाइलाज झालेल्याला माफी आहे, हेही ध्यानात ठेवावं. पिकाची राखण ही वेगळी बाब. ज्याच्या खाचरात नुकसान होतं, तो हाकव्याला जाणारच. माझ्या लहानपणी मोठी माणसं सांगत की बंदूक कुणाचीही असो, मुसलमान बंदूकवाला आपला वाटा सोडून द्यायचा आणि तो हाकाऱ्यांत वाटला जायचा. त्याला मटण नको होतं, भात हवा होता. हाकाऱ्याला मजुरी म्हणून मटण हवं होतं. दोघांचंही काम एका गोळीत होत असे. वेगवेगळ्या ताटांत जेवणाऱ्या माणसांचं गाव असं एकत्र यायचं.

याच जिल्ह्यात शिकारीचा तिसरा प्रकारही होता, तो म्हणजे राजाचा. मुरूडजवळचं फणसाडचं जंगल हे जंजिऱ्याच्या नवाबांचं राखीव शिकारीचं रान. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं. नवाबाने स्वतःच्या शौकासाठी राखलं, म्हणून जंगल वाचलं. इतिहासात असेही उलटे हिशोब असतात.

आता बंदुकीकडे येऊ. १८५७ नंतर सरकारला रयतेच्या हातातल्या हत्याराची धास्ती होती. (ज्या काडतुसांवरून ठिणगी पडली, त्यांच्या चरबीत गाय आणि डुक्कर दोन्ही होती असा बोलबाला होता, हे मुलांना शिकवताना मला दर वर्षी नव्याने जाणवतं.) १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार परवान्याखाली आलं. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी नोंद आहे. कोकणातल्या कित्येक घरांत भिंतीला ठासणी असायची ती या आधारावर. पण निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०१४ आणि २०१९ या दोन्ही विधानसभा निवडणुका ऑक्टोबरात झाल्या. ऑक्टोबर म्हणजे भातकापणी. ज्या महिन्यासाठी बंदूक, त्याच महिन्यात ती ठाण्यात.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हाकवा गुन्हा ठरला. हा कायदा हवाच होता, नाहीतर रानात काही उरलं नसतं. त्यात परवानगीची वाट ठेवली आहे. जनावर माणसाला किंवा पिकाला धोका ठरलं तर वनाधिकारी लेखी आदेशाने मारण्याची परवानगी देऊ शकतात. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत ही पद्धत सोपी केली. २०१६ मध्ये चंद्रपुरात डुकरं मारण्याला मनेका गांधींनी जाहीर हरकत घेतली आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकरांनी, राज्यांनी मागितलं म्हणून परवानगी दिली, असं उत्तर दिलं. एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री या जनावरावरून समोरासमोर आले.

या कायद्यातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. परवानगीने मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. ते खाता येत नाही. म्हणजे जे आमच्यासाठी आधीच हराम होतं, ते कायद्याने सगळ्यांनाच हराम केलं. त्याचा परिणाम कागदावर दिसत नाही, रानात दिसतो. हाकाऱ्याची मजुरीच गेली. दिवसभर काटे तुडवत रान झोडायला आता कोण येणार? अर्ज करायचा शेतकऱ्याने, परवाना मिळवायचा त्याने, बंदूकवाला शोधायचा त्याने, आणि मेलेल्या जनावराची विल्हेवाट लागेपर्यंत थांबायचंही त्यानेच.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. पारध, हाकारा, भाला, रान हे शब्द मातीतले. शिकार, बंदूक, परवाना, नुकसान, अर्ज हे फारसी-अरबीतून आलेले. पंचनाम्यात पंच इथले आणि नामा तिकडचा. शेतकऱ्याच्या बोलण्यातून पहिली रांग मागे पडत चालली आहे आणि दुसरीतलेही शिकार-बंदूक जाऊन अर्ज-पंचनामा तेवढे उरले आहेत.

दरम्यान काही जण भलत्या वाटेला लागतात. बांधावर वीज सोडतात, फासकी लावतात, गावठी बॉम्ब ठेवतात. फासकी डुक्कर आणि बिबट्या यांत फरक करत नाही आणि विजेची तार शेजारच्या माणसालाही ओळखत नाही. याला शिकार म्हणू नये.

मग उपाय काय? जनावर वाढलं, त्याचं एक कारण आपल्या ओसाड शेतांत आहे. पोरं मुंबईला, आखातात गेली. डोंगराकडची वरकस जमीन पडीक राहिली, तिथे झाडोरा माजला आणि डुकराला गावालगत घर मिळालं. एकट्याने आपलं खाचर राखलं तर कळप शेजाऱ्याकडे जातो. म्हणून सगळ्या वाडीने मिळून पडीक बांध साफ करणं, कापणीच्या पंधरवड्यात पाळीपाळीने जागणं आणि परवानगीचा अर्ज एकेकट्याने न करता ग्रामसभेच्या ठरावासह करणं, एवढं आपल्या हातात आहे. सरकारच्या हातात आहे ते वेळेवर पंचनामा, वेळेवर भरपाई आणि नेमबाजाची सोय.

हाकवा परत येणार नाही, यावा असंही मी म्हणत नाही. पण त्याचं सामर्थ्य बंदुकीत नव्हतं. त्यात प्रत्येकाला काही ना काही मिळत होतं, म्हणून प्रत्येकजण येत होता. आजच्या व्यवस्थेत राखणीसाठी येणाऱ्याला काय मिळणार, हे जोवर ठरत नाही, तोवर माळ्यावर तो एकटाच जागणार, ज्याचं भात उभं आहे.