जहाजाची शिडी आणि मधला माणूस

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी दाखल्यांवर सह्या घ्यायला घरी आला. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका झालेला, अंगाने काटक, बोलण्यात नम्र. "सर, क्रूझवर लागलोय. पत्र आलंय की. एजंटाला दीड लाख भरलोय, तेवढेच अजून द्यायचेत." आनंदाच्या भरात मी सह्या केल्या, शिक्के मारले, पाठ थोपटली. पैसे कशाचे, एवढे विचारायचे मात्र राहून गेले. ऑगस्टमध्ये एजंटाच्या कचेरीला कुलूप लागले. ज्या कंपनीच्या नावे पत्र होते तिने ते आपले नव्हेच असे कळवले. तोवर घरात आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

इतिहास शिकवण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. वास्को-द-गामा आमच्या किनाऱ्याला कसा लागला हे मी दरवर्षी रंगवून सांगितले. त्याच किनाऱ्यावरून परक्या जहाजांवर चाकरीला गेलेल्या माणसांविषयी मात्र एक तासही घेतला नाही. तो इतिहास जवळ असता, तर त्या दिवशी योग्य प्रश्न मला नक्की सुचला असता.

गोव्यात दर्यावरच्या चाकरमान्याला 'तारवटी' म्हणतात; आपल्या 'तारू'चाच तो भाऊबंद. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि पी. अँड ओ., ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या आगबोटींची वर्दळ मुंबई बंदरात वाढली. या बोटींवर कामाची वाटणी ठरून गेलेली असे. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरात-काठेवाडचे खलाशी. खाली बॉयलरच्या धगीत पंजाबी आणि पठाण. आणि भटारखाना, जेवणघर, केबिनी हे सारे गोव्याच्या ख्रिस्ती माणसांकडे. गोमांस, डुकराचे मांस किंवा दारू हाताळायला त्यांना धर्माची आडकाठी नव्हती, आणि युरोपीय स्वयंपाक त्यांच्या हातात बसला होता. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका.

हे काम मिळे कसे? कंपनी माणसे थेट निवडीत नसे. सारंग आपल्या गावची, नात्यातली माणसे भरी. सलूनमध्ये बटलर आपली. दलाल आणि खाणावळवाले या साखळीत मध्ये बसलेले. रिकाम्या दिवसांत त्यांनी उधारीवर पोसायचे, आणि जहाज लागले की आगाऊ मिळालेल्या पगारातून व्याजासकट वसूल करायचे. खलाशी शिडी चढे तोच डोक्यावर कर्ज घेऊन.

या फासातून गोव्याच्या माणसाने एक वाट काढली, ती म्हणजे मुंबईतील 'कूड'. एकेका गावाने धोबीतलाव, माझगाव, डोंगरी अशा वस्त्यांत खोल्या घेतल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा कुडींची संख्या तीनशेवर गेली. भिंतीकडेला ओळीने ट्रंका, एका कोपऱ्यात गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोजरी. भाडे नाममात्र, काम नसेल तर तेही थकले तरी चाले, सफरीवरून परतल्यावर फेडायचे. आमच्या बेळगावच्या कॅम्पात राहणारे एक वृद्ध निवृत्त स्टुअर्ड मला म्हणाले, "मास्तर, कुडीत बोट लागायची बातमी पहिली यायची, आणि कोणचा दलाल लबाड आहे तेबी." दुसऱ्या बातमीचे मोल पहिलीपेक्षा कमी नव्हते.

संघटनाही याच मातीतून उगवली. गोव्याच्या खलाशांनी मुंबईत संस्था काढली ती १८९६ साली. आजची नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स आपला जन्म तेव्हापासूनच मोजते. १९२० साली जिनोव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने ठराव केला, की खलाशाला काम मिळवून देण्याबद्दल त्याच्याकडून मोबदला घेता कामा नये. १९२२ साली सरकारने क्लो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही मध्यस्थांना दूर करण्याचीच शिफारस केली. मात्र खलाशांची भरती सरकारी रोजगार कचेरीमार्फत होऊ लागायला स्वातंत्र्य यावे लागले.

१९६० नंतर जेट विमानांनी उतारू पळवले. बोटी मोडीत निघाल्या किंवा सहलींना लागल्या. १९६१ साली ऑस्ट्रेलियाच्या मार्गावर उतरलेली 'कॅनबरा' पुढे १९९७ पर्यंत सहलीच करीत राहिली, आणि गोव्याचे स्टुअर्ड तिच्यावर होते. आजची क्रूझ ही त्याच घराण्यातली. मालक एका देशाचा, निशाण पनामाचे नाहीतर बहामाचे, आणि केबिनी झाडणारा आमच्याकडचा मुलगा. सहा ते नऊ महिन्यांचा करार, आठवड्याचे सातही दिवस काम. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हवी असा नियम आहे, पण ती दोन तुकड्यांत दिली तरी चालते.

नोकरीचा कायदाही आता खलाशाच्या बाजूचा आहे. २००५ साली केंद्र सरकारने जहाजांवर माणसे पाठवणाऱ्या संस्थांना परवाना सक्तीचा केला. २००६ चा सागरी श्रम करार २०१३ पासून जगात अमलात आला आणि २०१५ साली भारताने त्याला मान्यता दिली. पासपोर्ट, खलाशाचे नोंदपुस्तक आणि वैद्यकीय दाखला एवढ्यांचाच खर्च उमेदवाराकडे. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. नोकरी लावून देण्याचा म्हणून एक रुपयाही देणे लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा ठरावच हा. पण खानापूरच्या खेड्यापर्यंत तो पोचलेला नाही.

पोचवणार कोण? पूर्वीच्या तारवट्याला कायद्याचे छत्र नव्हते, पण कूड होती. आजच्या मुलाला कायदा आहे, पण तो एकटा आहे. त्याच्या हातात फोन आहे. 'हा माणूस लबाड आहे' असे कानात सांगणारा शेजारच्या ट्रंकेवरचा गाववाला नाही.

तो विद्यार्थी सध्या पणजीतल्या एका हॉटेलात काम करतो. पाटल्या अजून सुटायच्या आहेत. गणपतीला आला तेव्हा म्हणाला, "सर, परत प्रयत्न करतोय. या वेळी परवाना नंबर बघितलोय." मी म्हटले, "अरे, नुसता बघू नकोस, मला दाखव." त्याने कागद पुढे केला. आम्ही दोघांनी मिळून तो नंबर सरकारी यादीशी ताडून पाहिला, आणि मगच मी सही केली. यंदापासून दहावीच्या निरोप समारंभानंतर एक तास मी या इतिहासासाठी राखून ठेवला आहे. आमच्या गावाला कूड नाही. निदान शाळेने तरी तिचे थोडे काम करावे.