ज्यांनी अळ्या पाळल्या

पतंग म्हटला की आपल्याला आधी दिवा आठवतो. उर्दू शायरीने तर परवान्याला शमेपासून वेगळे असे जगूच दिलेले नाही. शतकानुशतके तो बिचारा जळतोच आहे. २०२४ साली काही शास्त्रज्ञांनी दिव्याभोवतीच्या किड्यांचे वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले काही चित्रण मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशात झाले होते. पतंग दिव्यावर भाळत नाही, असे त्यांचे म्हणणे. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची त्याची सवय असते. रात्रीही आभाळ जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून एरवी ती सवय त्याला सरळ ठेवते. मध्येच दिवा आला की वर कुठे आणि खाली कुठे हेच त्याला कळेनासे होते आणि तो घिरट्या घालत राहतो. म्हणजे इश्क वगैरे काही नाही, नुसती दिशाभूल. आम्हा शायरांचे यात नुकसान झाले, पण ते सोसण्यासारखे आहे.

आज मला पतंगांच्या मरणापेक्षा त्यांच्या ओळखीविषयी बोलायचे आहे, आणि तेही एकाच घराण्याविषयी. इंग्रजीत ज्यांना हॉक मॉथ म्हणतात ते हे पतंग. हॉक म्हणजे ससाणा. अरुंद, टोकदार पंख, गुटगुटीत अंग आणि विमानासारखी झेप. फुलावर न बसता, हवेत एका जागी थरथरत, लांब सोंड आत घालून ते मध पितात. अळीच्या शेपटाकडे बहुधा एक शिंग असते. आपल्याकडे तिळाच्या शेतात अशी शिंगवाली जाड हिरवी अळी शेतकऱ्यांनी पाहिलेली असते; ती याच घराण्यातली. जगभरात या पतंगांच्या साडेचौदाशेहून अधिक जाती आज नोंदलेल्या आहेत. (जात हा शब्द मी इथे फक्त प्राणिशास्त्राच्या अर्थाने वापरतो आहे.) त्यांतला मोठा आणि गुंतागुंतीचा वाटा उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेत, म्हणजे मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या जंगलांत आहे. तिथल्या झायलोफेनिस या एकाच कुळीत शंभराच्या आसपास जाती आहेत, आणि त्यांतल्या कित्येक एकमेकींशेजारी ठेवल्या तर बघणारा गोंधळून जातो.

मग त्या ओळखल्या कोणी आणि कशा? या प्रश्नाचा इतिहास तीनशे वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात एका बाईपासून होते.

मारिया सिबिला मेरियन १६४७ साली जर्मनीत फ्रँकफर्टला जन्मली. सावत्र बाप चित्रकार होता. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. किडे चिखलातून, घाणीतून आपोआप उपजतात असे तेव्हा भल्याभल्यांना वाटत होते. ही मुलगी मात्र अंडे, अळी, कोश, फुलपाखरू असा क्रम डोळ्यांनी पाहून कागदावर उतरवत होती. पुढे लग्न झाले, ते मोडले, आणि ती मुलींना घेऊन अॅमस्टरडॅमला राहू लागली. तिथल्या श्रीमंतांच्या कपाटांत दक्षिण अमेरिकेतून आणलेली फुलपाखरे टाचण्यांवर लावलेली असत. ती तिने पाहिली आणि तिला एक उणीव जाणवली. किडा आहे, पण तो कशातून झाला आणि काय खाऊन वाढला, याचा पत्ता नाही. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रे विकून तिने पैसे उभे केले आणि धाकट्या मुलीसह ती सुरीनामला जाणाऱ्या जहाजात बसली.

सुरीनाम ही तेव्हा डचांची वसाहत होती. उसाचे मळे, आणि त्यांत राबणारे गुलाम. साखर सोडून ही बाई अळ्या शोधत फिरते म्हणून मळेवाले तिची टिंगल करत. तिला रानात वाट काढून देणारे, झाडांची नावे सांगणारे, अळ्या आणून देणारे लोक होते ते तिथले मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. दोन वर्षांनी ती आजारी पडून परतली. १७०५ साली साठ चित्रांचा तिचा ग्रंथ अॅमस्टरडॅमला प्रसिद्ध झाला. एका पानावर झाड, त्यावर अळी, शेजारी कोश आणि वर उडणारा पतंग. आज हे शाळेच्या पुस्तकातही सहज दिसते. तेव्हा मात्र ही मांडणीच मुळात नवी होती.

त्यातल्या पंचेचाळिसाव्या चित्रावर मी थोडा थांबणार आहे. त्यात आहे ते झाड आपल्या ओळखीचे आहे. लाल-पिवळ्या तुऱ्यांचा शंकासुर. आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाला आणि बागेत लावतात तोच. मूळचा तो बहुधा अमेरिकेच्याच बाजूचा. त्या फांदीवर मेरियनने एक हिरवी अळी आणि लांब सोंडेचा करडा हॉक मॉथ काढला आहे. आणि सोबतच्या मजकुरात, पतंगाविषयी लिहितालिहिता, ती एकदम वेगळेच सांगते. डच मालकांच्या जाचाखालच्या गुलाम बायका या झाडाचे बी गर्भ पाडायला वापरतात, म्हणजे आपली मुले गुलाम म्हणून जन्माला येऊ नयेत. काही जणी छळाला कंटाळून जीव देतात. मेल्यावर आपण आपल्या मुलखात, आपल्या माणसांत स्वतंत्र जन्मू, अशी त्यांची श्रद्धा आहे. हे मला त्यांनीच स्वतः सांगितले, असेही ती नमूद करते.

किड्यांच्या पुस्तकात हा परिच्छेद आहे. त्या काळातल्या कित्येक पुरुष विद्वानांनी वसाहतींमधल्या वनस्पतींवर जाड ग्रंथ लिहिले, पण त्या बायका त्यांच्याशी हे बोलल्या नसत्या.

आता गंमत पाहा. चित्रातला पतंग आज मॅन्ड्युका सेक्स्टा या नावाने ओळखला जातो. मॅन्ड्युका म्हणजे लॅटिनमध्ये खादाड. त्याची अळी तंबाखू, टोमॅटो यांच्या कुळातली पाने खाते. शंकासुर हे तिचे अन्न नव्हे. म्हणजे झाड आणि पतंग यांची जोडी या पानावर जुळत नाही. मेरियनच्या इतरही काही जोड्या अशाच विसंगत आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात त्यावरून तिच्यावर बरीच टीका झाली. टीकाकारांचे ते म्हणणे रास्त होते. पण त्याच पानावरची बायकांची साक्ष खरी होती, तिच्याकडे मात्र पुढची कित्येक वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्या बायकांची नावेही कुठे नाहीत.

यानंतर नावे ठेवण्याचा काळ आला. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली या पतंगांना स्फिंक्स म्हटले. अळी दचकली की अंगाचा पुढचा भाग उचलून स्तब्ध बसते, ती इजिप्तमधल्या त्या दगडी मूर्तीसारखी दिसते, म्हणून हे नाव. लिनियस अमेरिकेला कधीच गेला नाही. आपल्या ग्रंथांत त्याने मेरियनच्या चित्रांचा वारंवार हवाला दिला. त्याच वर्षी त्याने 'एलो' हे नाव दिलेला पतंग अमेरिकेत कसाव्याच्या पिकाचा कुप्रसिद्ध शत्रू आहे. कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो ते पीक. सेक्स्टा म्हणजे सहावी. या पतंगाच्या पोटाच्या कडेला पिवळ्या ठिपक्यांच्या सहा जोड्या असतात. याच्याच एका भावंडाला पाच जोड्या असतात आणि त्याचे नाव पाचावरून आहे. ओळख पटवायची ती ठिपके मोजून. अळ्यांतही असाच फरक. एकीच्या कुशीवर तिरक्या पांढऱ्या रेघा आणि शिंग लालसर, दुसरीच्या कुशीवर मोडलेल्या बाणासारख्या खुणा आणि शिंग काळपट.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज हौशी संग्राहक अॅमेझॉनच्या खोऱ्यात उतरले. हेन्री बेट्स आणि आल्फ्रेड वॉलेस १८४८ साली एकत्रच गेले. बेट्स अकरा वर्षे राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की गुंजन पक्षी म्हणजे हमिंगबर्ड समजून आपण कित्येकदा हॉक मॉथवरच बंदूक झाडली. उडताना दोघांतला फरक कळायला त्याला बरेच दिवस लागले. तिथल्या लोकांची तर खात्रीच होती की एकाचा दुसरा होतो. बेट्सला त्याचे आश्चर्य वाटले. मला वाटते, अळीचा पतंग होतो हे ज्यांनी रोज पाहिले आहे त्यांना पतंगाचा पक्षी होणे फारसे अवघड का वाटावे? एकदा पानांतून एका भल्यामोठ्या अळीने अंग ताणले तेव्हा बेट्सच दचकला. ती हुबेहूब सापासारखी दिसत होती. त्याने ती गावात नेऊन दाखवली आणि सगळा गाव घाबरला. त्या जंगलांत हॉक मॉथच्या अशा अळ्या खरोखरच आहेत. भीती वाटली की पुढचा भाग फुगवून उलटा करतात, आणि डोळ्यांसकट सापाचे डोके तयार होते.

वॉलेसचे काम वेगळ्या कारणाने लक्षात राहिले. मादागास्कर बेटावर फूटभर लांब नळीचे ऑर्किड आहे. एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे, असे चार्ल्स डार्विनने १८६२ साली म्हटले आणि लोक हसले. १८६७ साली वॉलेसने ब्रिटिश म्युझियममधला दक्षिण अमेरिकेचा एक हॉक मॉथ काढला आणि पट्टी लावून सोंड मोजली. सव्वानऊ इंच. मग दोनतीन इंच आणखी असायला हरकत काय, असा त्याचा सवाल होता. मादागास्करचा तो पतंग पुढे सापडला आणि १९०३ साली त्याला भाकितावरून नाव मिळाले. ज्या ग्रंथात ते दिले गेले तो वॉल्टर रॉथशिल्ड आणि कार्ल जॉर्डन यांचा. रॉथशिल्ड सावकारी घराण्याचा वारस, झेब्रे जुंपलेली गाडी हाकणारा लहरी माणूस. जॉर्डन मान मोडून काम करणारा जर्मन. पैसा एकाचा आणि नजर दुसऱ्याची, अशी ती जोडी जमली होती. नुसत्या पंखांच्या रंगावर न जाता जॉर्डनने पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. आजच्या वर्गीकरणाचा पाया तोच ग्रंथ आहे. तरीही तो मेलेल्या पतंगांचा अभ्यास होता. अळीचा पत्ता बहुतेकांच्या बाबतीत लागलेलाच नव्हता.

तो लागला कोस्टा रिकाच्या वायव्येला, ग्वानाकास्ते या भागात. डॅनियल जॅन्झन हा अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्याची सहकारी व पत्नी विनी हालवाक्स यांनी १९७८ पासून तिथे अळ्या पाळण्याचे काम चालवले. १९८९ सालापासून त्यांनी आसपासच्या खेड्यांतली माणसे त्यासाठी शिकवून तयार केली. शेतकरी, मजूर, घर सांभाळणाऱ्या बाया. यांतल्या बहुतेकांनी कॉलेज पाहिलेले नव्हते. सकाळी रानात जायचे, अळी शोधायची, ती ज्या झाडावर मिळाली त्याच्या पानासह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवी शेडमधल्या दोरीवर टांगायची, ताजी पाने देत राहायचे. प्रत्येक अळीला क्रमांक, आणि त्या क्रमांकापुढे झाड, जागा, तारीख आणि सापडवणाऱ्याचे नाव. कधी पतंग बाहेर येई, कधी अळीच्या अंगातून चिमुकल्या गांधीलमाश्या. अशा लाखो नोंदी झाल्या.

मेरियनच्या ग्रंथात जे राहून गेले होते ते इथे प्रत्येक ओळीत आहे. म्हणून या नोंदवह्या मला त्या देखण्या चित्रांहून मोठ्या वाटतात. २०१४ साली अळ्यांवर वाढणाऱ्या त्या गांधीलमाश्यांच्या पावणेदोनशेहून अधिक नव्या जातींचे वर्णन झाले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना या गावकऱ्यांचीच नावे दिली गेली.

२००३ साली कॅनडाच्या पॉल हेबर्टने डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याची पद्धत मांडली. पतंगाचा एक पाय पुरतो. जनुकाची साडेसहाशेच्या आसपास अक्षरे वाचायची आणि ताडून पाहायची. ही पद्धत ग्वानाकास्तेच्या पतंगांवर तपासली गेली, कारण तिथे अळीपासूनची खात्रीची माहिती हाताशी होती. २००६ साली पाचशेहून अधिक जातींवर केलेल्या चाचणीत जवळजवळ ९८ टक्के जाती बिनचूक ओळखता आल्या. त्यात हॉक मॉथही होते. २००८ साली झायलोफेनिसमध्ये, एकच समजल्या गेलेल्या जातींच्या आडून तीन नव्या जाती बाहेर निघाल्या. २००० सालच्या जागतिक यादीत सुमारे पावणेतेराशे हॉक मॉथ होते, ते वाढले ते असे.

याच ग्वानाकास्तेतली आणखी एक गोष्ट सांगतो. आपला खुरचाफा, जो देवळाच्या आवारात असतो आणि आमच्या कब्रस्तानांतही, तो मूळचा तिकडचा. तिथे त्याच्यावर एक हॉक मॉथ वाढतो. त्याची अळी वीतभर, काळीभोर, पिवळे कडे घातलेली आणि लाल डोक्याची. आपल्याकडे चाफा आला, ही अळी आली नाही. आणि १९८४ साली विल्यम हेबर या संशोधकाने दाखवून दिले की चाफ्याच्या फुलात मध नसतोच. एवढा सुवास उधळून तो रात्रीच्या हॉक मॉथना फसवतो. ते दरवळाला भुलून येतात, सोंड घालून पाहतात, रिकामे परततात, आणि त्या धावपळीत चाफ्याचे काम होऊन जाते. परवान्याला कोणी फसवलेच असेल तर ते शमेने नव्हे, फुलाने.

जॅन्झनने एकाच ठिकाणी रात्री दिव्यामागे पांढरी चादर लावून तिच्यावर बसलेल्या पतंगांची छायाचित्रे काढून ठेवली होती. १९८४ सालच्या छायाचित्रात चादर पतंगांनी भरलेली आहे. २०१९ सालच्या छायाचित्रात तुरळक पतंग आहेत, बाकी कापड पांढरे. जंगल तोडलेले नाही, उलट राखलेले आहे. पण तिथला चार महिन्यांचा कोरडा ऋतू आता सहा महिन्यांवर गेला आहे. पाऊस आला की पालवी, पालवी आली की अळी, हा तिथला हिशेब होता. अळ्या गोळा करणाऱ्यांना ही घट चादरीच्याही आधी कळली होती. पूर्वी एका सकाळी जेवढ्या पिशव्या भरत, तेवढ्या भरायला आता कितीतरी अधिक चालावे लागते, हे त्यांनी सांगितले होते.