पुण्याची थंडी आणि सिमला ऑफिस

पुण्यातल्या हिवाळ्याचा जुना दिवस बंबाच्या धुराने उजाडे. तांब्याच्या बंबात गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्या घातल्या की वाड्यातल्या सगळ्यांच्या आंघोळीचे पाणी तापे. पौषात ताटात बाजरीची भाकरी असे. भोगीला तिच्यावर तीळ लागत. संध्याकाळी गल्लीत शेकोटी पेटे, आणि गावच्या बातम्या तिथेच आधी कळत. 1 जानेवारी 1932 रोजी नानासाहेब परुळेकरांचे 'सकाळ' हे दैनिक निघाले, तेव्हा त्यातूनही ताजे वर्तमान घरपोच मिळू लागले.

थंडी किती पडली, हे अंगावरच्या घोंगडीवरून ठरे. थंडीचा आकडा मात्र वेधशाळेकडे असे. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. गंमत अशी, की इमारतीला नाव पडले 'सिमला ऑफिस', आणि ते आजही चौकाला चिकटून आहे. ठिकठिकाणच्या नोंदी तारेने येत, त्यांवरून रोजचा नकाशा काढला जाई. 17 जानेवारी 1935 रोजी, संक्रांत नुकतीच सरली असताना, पुण्याचे किमान तापमान 1.7 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. मुख्यालय 1944 मध्ये दिल्लीला गेले. हवामानाच्या जुन्या नोंदींचे काम पुण्यातच राहिले.