गोरोबांचें थापटणें

अलीकडे सुशिक्षित घरांतून एक विचार वारंवार ऐकूं येतो. कपाटें रिकामीं करावीं, वस्तु मोजक्याच ठेवाव्या, म्हणजे माणूस मोकळा होतो, असें तरुण मंडळी आम्हांस सांगतात. विचार चांगला आहे. परंतु दाखल्यासाठीं ते बहुधा अमेरिकेकडे पाहतात. थोरोनें १८४५ सालीं वॉल्डन तळ्याकांठीं अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंटांत झोपडी उभारली व तींत तो दोन वर्षें राहिला, हें इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढीसही पाठ आहे. मात्र थोरो अविवाहित होता. त्याच्या झोपडींत रडणारें मूल नव्हतें. संसार न सोडतां थोडक्यांत राहणारा व तरीहि मोकळा असलेला माणूस पाहावयाचा, तर धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांवाकडे वळलें पाहिजे.

मौज अशी कीं, हें गांव मूळचें ऐश्वर्याचें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक ग्रंथांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें मोठें नगर असल्याचें सांगितलें आहे. तेथून साधें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून, भडोच बंदरास जाई. हें तगर म्हणजे आजचें तेर, असें फ्लीटनें १९०१ सालीं दाखविलें. दूर कोंकणांत व कोल्हापुरास राज्य करणारे शिलाहारहि ‘तगरपुरवराधीश्वर’ हें बिरुद मिरवीत. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहांतून उभ्या राहिलेल्या तेथील संग्रहालयांत एक चिमुकली हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे, इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गेलेल्या पाँपी नगरांत तिच्या बहिणीसारखी दुसरी मिळाली. गोरोबा कुंभार जन्मले, परंपरेप्रमाणें शके ११८९ मध्यें (इ. स. १२६७), तेव्हां हें सारें वैभव मातींत मिळालें होतें. कदाचित् तीच माती त्यांनीं तुडविली असेल.

त्यांची मालमत्ता ती काय? चाक, थापटणें आणि आवा. बारा बलुत्यांतील कुंभारानें वर्षभर गांवास मडकीं पुरवावीं आणि सुगीला आपला वांटा न्यावा, ही रीत. येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. ज्याला अधिक मिळविण्याची वाटच समाजानें ठेवली नव्हती, त्याच्या अल्पसंतोषास अपरिग्रह म्हणावें कीं निरुपाय? आमच्या एका विद्यार्थ्यानें वर्गांत हेंच विचारलें होतें, आणि त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

उत्तर, असलेंच तर, थापटण्याच्या आख्यायिकेंत आहे. गोरोबांच्या घरीं संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें थापटण्याकडे बोट दाखवून हें काय, म्हणून विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें, तें यानें कळतें, असें गोरोबा म्हणाले. मग हीं मडकींहि पाहा कीं, असें ती म्हणतांच त्यांनीं एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारलें. इतर स्वस्थ बसले. नामदेव मात्र रागावले, आणि गोरोबांनीं त्यांना कच्चें ठरविलें. पुढें नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, ती कथा सर्वश्रुत आहे.

ही घटना घडलीच, असें इतिहास म्हणणार नाहीं. पण वारकऱ्यांनीं ती जपून ठेवली, हा इतिहासच आहे. नामदेवांजवळ धनदौलत नव्हती. होती ती विठ्ठलाच्या जवळिकीची कीर्ति, आणि थापटणें नेमकें तिलाच लागलें. उलट, कुंभाराला कोणाकडून कांहींच मिळवावयाचें नव्हतें, म्हणून तो मोठ्या माणसासही कच्चा म्हणूं शकला. त्याची गरिबी त्यानें निवडली नसेल. ही निर्भयता मात्र गरिबीबरोबर आपोआप येत नाहीं. लाचार गरीब आपण पुष्कळ पाहतों. आम्हीं त्या विद्यार्थ्यास हें सांगावयास हवें होतें.

परंतु एवढ्यावर थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. दुसरी कथा सर्वांस ठाऊक आहे. नामांत रंगलेले गोरोबा चिखल तुडवीत होते. रांगत आलेलें त्यांचें मूल पायांखालीं गेलें, आणि त्यांस कळलेंहि नाहीं. पाणी आणावयास गेलेली त्यांची पत्नी संती परतली, तों हें दृश्य! पतीच्या मोकळेपणाची किंमत अशी घरच्यांनीं मोजली. पुढें संतीनें विठ्ठलाची शपथ घालून त्यांस आपल्या अंगास हात लावूं दिला नाहीं. ती शपथ मोडली म्हणून त्यांनीं आपले हातच तोडले. हात म्हणजे कुंभाराचें सर्वस्व. मग चाक, थापटणें हीं असून नसल्यासारखीं.

कथाकारांनीं शेवटीं पंढरपुरीं मूल परत दिलें, हातहि परत दिले. श्रद्धेला तेवढें हवें असतें. मात्र पिढ्यान् पिढ्या ही कथा सांगतांना त्यांनीं संतीचा आक्रोश गाळला नाहीं, आणि त्या क्षणीं गोरोबांच्या तोंडीं उत्तरहि घातलें नाहीं.