शमुवेल, सामाजी, सॅम्युअल : एका नावाचा प्रवास

१/ मुंबईच्या मांडवी भागातील सॅम्युअल स्ट्रीट हे नाव कुणा इंग्रज साहेबाचे वाटते. प्रत्यक्षात ते सामाजी हसाजी दिवेकर यांच्यावरून पडले, असे सांगतात. हे कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाचे, कंपनीच्या फौजेतील अधिकारी. मग सामाजीचा सॅम्युअल कसा झाला?

२/ मूळ हिब्रू नाव ‘श्मुएल’. मराठी बायबलात ‘शमुवेल’. निपुत्रिक हन्ना शिलो येथे नवस बोलते : मुलगा झाला, तर तो देवाच्याच सेवेला वाहीन. मुलगा होतो. तो देवाकडे मागून घेतला, म्हणून हे नाव, असे कथा सांगते.

३/ येथेच व्युत्पत्ती अडते. हिब्रूत ‘मागितलेला’ या अर्थाचे नाव आहे ‘शौल’; शमुवेलानेच अभिषेक केलेल्या पहिल्या राजाचे! ‘देवाने ऐकले’ हा अर्थही लोकप्रिय आहे; परंतु ‘ऐकणे’ या धातूतील ‘ऐन’ हे व्यंजन या नावात नाही. ‘शेम’ म्हणजे नाव, ‘एल’ म्हणजे देव. ‘देवाचे नाव’ हा अर्थ अधिक पटतो.

४/ कोकणात तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी ते बंद ठेवणारा हा समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. हिब्रूचे ज्ञान क्षीण झाले, तरी नावे टिकली. मात्र मराठी वळणाने. शमुवेलाचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, अब्राहामाचा अबाजी. जोडीला गावावरून ‘दिवेकर’सारखे आडनाव.

५/ परंपरा सांगते की, सामाजी टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, तेव्हा सुटका झाल्यास प्रार्थनास्थळ बांधण्याचा त्यांनी नवस केला. १७९६ साली मुंबईतील पहिले सिनेगॉग त्यांनी उभारले. हन्नेच्या नवसाशी नाते सांगणारे नाव, आणि पुन्हा एक नवस!

६/ एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मूळ ग्रंथाशी परिचय वाढला, तशी ‘जी’कारान्त नावे मागे पडली. पण त्यांच्या जागी रूढ झाले ते ‘श्मुएल’ नव्हे, तर इंग्रजी ‘सॅम्युअल’. मुळाकडे परतण्याची वाटही राज्यकर्त्यांच्या भाषेतून गेली.

७/ म्हणून व्युत्पत्ती नावाचा उगम सांगते. त्याचा इतिहास सांगतात ते नाव उच्चारणारे लोक. रस्त्याच्या पाटीवर सॅम्युअल उरला. ज्याला कोकणाने आपल्या जिभेवर घडवले, तो सामाजी मात्र आपल्याला शोधावा लागतो.