बुटाच्या जिभेवरचे नाव

खेळाचा बूट विकत घेताना आपण त्याचा तळवा वाकवून पाहतो, किंमत विचारतो. कधी जीभही उलटून पाहावी. तिथल्या छोट्या पट्टीवर एका देशाचे नाव असते. गेल्या साठ वर्षांत हे नाव सारखे बदलत गेले. नाइकी कंपनीच्या इतिहासात त्याची कारणे सापडतात.

१९६४ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात फिल नाइट आणि त्यांचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी प्रत्येकी पाचशे डॉलर घालून व्यवसाय सुरू केला. स्वतःचा कारखाना नव्हता. जपानच्या ओनित्सुका कंपनीचे बूट मागवायचे आणि शर्यतींच्या मैदानावर मोटारीतून विकायचे. १९७१ मध्ये नाइकी हे नाव आले. जपानमध्ये मजुरी वाढली, तसे काम दक्षिण कोरिया आणि तैवानकडे गेले. तिथेही मजुरी वाढली, तेव्हा इंडोनेशिया, चीन आणि व्हिएतनामकडे.

काम असे का फिरते? कारण बूट आजही बराचसा हातानेच बनतो. वरच्या भागाचे तुकडे कापायचे, शिवायचे, पावलाच्या आकाराच्या साच्यावर ताणून बसवायचे, मग तळव्याला गोंद लावून दाबायचे. एका जोडामागे कितीतरी हात लागतात.

दुकानापर्यंतच्या वाटेचाही बंदोबस्त झाला. १९७० च्या दशकात नाइकीने दुकानदारांना सुमारे सहा महिने आधी पक्की मागणी नोंदवायला लावली आणि त्याबद्दल सवलत दिली. मागणी हातात आल्यावरच कारखान्याला काम द्यायचे. माल पडून राहण्याची धास्ती मुख्यतः दुकानदाराच्या वाट्याला आली. १९५६ पासून रुळलेल्या कंटेनर वाहतुकीमुळे समुद्रापलीकडून माल आणणे स्वस्त झाले होतेच.

या साखळीत कामगाराचे काय झाले? १९९७ मध्ये व्हिएतनाममधल्या एका पुरवठादार कारखान्याचा तपासणी अहवाल बाहेर आला. गोंदातल्या विषारी वाफा काही ठिकाणी स्थानिक मर्यादेच्या १७७ पट होत्या. ७७ टक्के कामगारांना श्वसनाचा त्रास होता. कारखाना आमच्या मालकीचा नाही, हे उत्तर मग पुरेना. मे १९९८ मध्ये नाइट यांनी जाहीर केले, की बुटांच्या कारखान्यात नव्याने घेतलेला कामगार किमान अठरा वर्षांचा असेल आणि आतल्या हवेला अमेरिकेचे निकष लागू होतील. पाण्यावर आधारित गोंदाचा वापर वाढू लागला. मजुरीचा प्रश्न मात्र त्या घोषणेने सुटला नाही.

२०२४ च्या आर्थिक वर्षात नाइकीचे निम्मे बूट व्हिएतनाममध्ये बनले. तिथली मजुरी वाढली की पट्टीवरचे नाव पुन्हा बदलेल काय? बदललेच, तर पहिल्या गावातल्या कामगारांना वाढीव मजुरीची शिक्षा मिळाली, असेच म्हणावे लागेल.