बाळंतपणाच्या रजेची कुळकथा

बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा भारतात प्रथम झाला तो मुंबई इलाख्यात, 1929 साली. त्याआधी 1919 मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतपणापूर्वी सहा आणि नंतर सहा आठवड्यांच्या विश्रांतीचा करार संमत केला होता. या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी हजर होते. 1924 मध्ये त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात याच विषयावर विधेयक आणले. ते नामंजूर झाले.

मुंबईच्या विधिमंडळात मात्र विषय तडीस गेला. 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याने भत्त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, हे त्यांना मान्य होते. पण स्त्रिया कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, म्हणून त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असे त्यांनी बजावले. या वादातला सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच. कायद्याने गिरणीतल्या बाईला रोज आठ आणे भत्ता ठरला. तिचे नाव हजेरीपटावर ठरावीक मुदत असले पाहिजे, ही अटही त्याच्याबरोबर आली.

अशा अटीनेच पुढचा इतिहास घडवला. विदर्भातल्या खामगावच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांतले काम कापसाच्या हंगामापुरते. अशा कामात ठरावीक मुदत पुरी होणे अवघड. 1961 च्या केंद्रीय कायद्याने 12 आठवड्यांची रजा दिली, पण आधी 160 दिवस काम झालेले हवे होते. 1988 च्या दुरुस्तीने ते 80 वर आले. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा हक्क असल्याचा निकाल दिला. 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवडे झाली.

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावांच्या शिवारात मात्र कापूस वेचणारी बाई बाळंतपणाच्या रजेच्या कायद्याबाहेरच आहे. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरायचा, संध्याकाळी तो मोजून घ्यायचा आणि किलोवर मजुरी घ्यायची. तिला हजेरीपट नाही, कायमचा मालकही नाही. अशा स्त्रियांसाठी 2017 पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे; पहिल्या अपत्याला 5000 रुपये, तेही हप्त्यांनी. वेचणीच्या ऐन हंगामात बाळंतपण आले, तर बुडालेल्या मजुरीची पूर्ण भरपाई एवढ्यात होत नाही.